जोन्स, डीकन

जोन्स, डीकन : (९ डिसेंबर १९३८–३ जून २०१३). अमेरिकन फुटबॉलमधील ख्यातनाम बचावपटू. मूळ नाव डेव्हिड जोन्स. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये तो १९६१ ते १९७४ असे १४ हंगाम डाव्या बाजूचा डिफेन्सिव्ह एंड (बचावफळीच्या टोकाचा खेळाडू) म्हणून खेळला. त्यांपैकी पहिले ११ लॉस अँजेलिस रॅम्स, पुढचे दोन सॅन डिएगो चार्जर्स व अखेरचा वॉशिंग्टन या संघाकडून.

त्याचा जन्म फ्लॉरिडा राज्यातील ईटनव्हिल येथे झाला. अमेरिकेत कृष्णवर्णीयांनी वसवून स्वतःच्या कारभाराखाली आणलेल्या पहिल्या काही नगरांत १८८७ साली स्थापन झालेल्या या गावाची गणना होते. साउथ कॅरोलायना स्टेट या महाविद्यालयात तो १९५८ मध्ये खेळला. पुढे वर्णभेदाविरुद्धच्या निदर्शनांत भाग घेतल्यामुळे त्याची शिष्यवृत्ती काढून घेण्यात आली. ही घटना बहुधा १९६० च्या सुमाराची असावी. त्यानंतर त्याने मिसिसिपी व्होकेशनल कॉलेजमध्ये एक हंगाम काढला. रॅम्सच्या निरीक्षकांना तो सापडला तोही योगायोगानेच, असे सांगतात : चेंडू घेऊन धावणाऱ्या दुसऱ्याच एका खेळाडूची चित्रफीत पाहत असताना, त्याला मागून गाठणारा हा धिप्पाड खेळाडू त्यांच्या नजरेत भरला. या हकिगतीचे तपशील निरनिराळ्या कथनांत बदलतात. मात्र १९६१ च्या खेळाडू-निवडीत रॅम्सनी त्याला १४ व्या फेरीत, एकूण १८६ व्या क्रमांकावर घेतले, हे नोंदींवरून निश्चित आहे. इतक्या उशिरा निवडलेल्या खेळाडूने संघात टिकणे हेच तेव्हा विशेष मानले जाई. ‘डीकन’ हे नाव त्याने स्वतःच धारण केले. जोन्स आडनावाच्या असंख्य माणसांत आपण लक्षात राहणार नाही, असे कारण तो देत असे.

सुमारे ६ फूट ५ इंच उंची व १२३ किग्रॅ. वजन असूनही त्याचा वेग विलक्षण होता. बाजूच्या रेषेपर्यंत धावत जाऊन चेंडूवाल्याला पाडण्याची त्याची क्षमता त्या काळच्या आघाडीच्या बचावपटूंत क्वचितच आढळे. १९६३ मध्ये रोझी ग्रियर रॅम्सकडे आल्यावर जोन्स, मर्लिन ओल्सन, ग्रियर व लमार लंडी अशी चौघांची बचावफळी तयार झाली आणि ती ‘फिअरसम फोरसम’ या नावाने गाजली. ओल्सन जोन्सच्या लगतच आतल्या बाजूला खेळत असल्याने दोघे ऐनवेळी जागांची अदलाबदल करीत. ओल्सन मधली कोंडी धरून ठेवी व जोन्स त्याच्या मागून वळसा घेऊन क्वार्टरबॅकवर (चढाईचे सूत्र सांभाळून चेंडू फेकणाऱ्या खेळाडूवर) चाल करी. जॉर्ज ॲलन हा प्रशिक्षक असताना (१९६६–७०) जोन्सचा खेळ शिखरावर पोहोचला. १९६७ मध्ये रॅम्सनी ११ सामने जिंकले, एकच गमावला, दोन बरोबरीत सोडवले आणि प्रतिपक्षाला लीगमधील सर्वांत कमी, म्हणजे १९६ गुण दिले. १९६७ व १९६८ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याला वर्षातील सर्वोत्तम बचावपटूचा मान मिळाला. अजिंक्यपद मात्र त्याच्या वाट्याला कधीच आले नाही : बाद फेरीत १९६७ मध्ये ग्रीन बेने व १९६९ मध्ये मिनेसोटाने रॅम्सना पहिल्याच सामन्यात हरवले.

जोन्सचे नाव ज्या डावपेचाशी सर्वाधिक जोडले जाते तो म्हणजे ‘हेड स्लॅप’. चेंडू खेळात येताच तो समोरच्या टॅकलच्या (क्वार्टरबॅकचे रक्षण करण्यासाठी अडवणूक करणाऱ्या खेळाडूच्या) शिरस्त्राणावर, कानाच्या बाजूला, उघड्या तळव्याचा जोरदार फटका मारी. फटक्याच्या आवाजाने व धक्क्याने टॅकलचे डोळे क्षणभर मिटत आणि तेवढ्यात जोन्स त्याच्या बगलेतून पुढे सरके. अडवणूक करणाऱ्या खेळाडूंना हात लांब करून प्रतिस्पर्ध्याला थोपवण्याची मुभा तेव्हा नव्हती, ही गोष्ट या संदर्भात ध्यानात घेतली पाहिजे. तशी सवलत १९७८ च्या नियमबदलाने मिळाली. हेड स्लॅपवर त्याआधीच, १९७७ मध्ये, बंदी आली होती. ही युक्ती जोन्सचीच असे सर्रास लिहिले जाते, तथापि त्याने स्वतः तिचे श्रेय ग्रियरला दिले आहे व तेच अधिक ग्राह्य वाटते.

क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्यापूर्वीच मागे पाडण्याला ‘सॅक’ म्हणण्याचा प्रघातही जोन्सने पाडला, असे मानतात. तो स्वतः तसा दावा करी. दुसऱ्या मतानुसार हे श्रेय ॲलनचे असून, डॅलस संघाचा क्वार्टरबॅक क्रेग मॉर्टन याच्याविषयी त्याने केलेल्या एका विनोदाशी ते जोडले जाते. हे दोघे रॅम्समध्ये पाच वर्षे एकत्र होते, हे पाहता दोन्ही दावे काटेकोरपणे वेगळे करणे कठीण आहे. शब्द कोणाचाही असो, त्याला प्रतिष्ठा जोन्सच्या खेळाने मिळाली.

सॅकच्या संख्येचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. लीगने वैयक्तिक सॅकची अधिकृत मोजणी १९८२ पासूनच सुरू केली. परिणामी अधिकृत तक्त्यात जोन्सच्या खात्यावर एकही सॅक नाही. जुन्या लिखाणात १९६७ साठी २६ व १९६८ साठी २४ असे आकडे सर्रास आढळतात. जॉन टर्नी प्रभृती संशोधकांनी सामन्यांच्या डाववार नोंदी तपासून ते अनुक्रमे २१.५ व २२ असे खाली आणले, १९६४ साठी २२ हा आकडा मांडला आणि कारकिर्दीची एकूण संख्या १७३.५ धरली. १९६० पासूनची ही अनधिकृत आकडेवारी २०२१ मध्ये एका प्रमुख सांख्यिकी संकेतस्थळाने स्वीकारली. दोन खेळाडूंनी मिळून केलेल्या सॅकचे श्रेय अर्धे-अर्धे वाटले जात असल्याने दशांश येतो. पुनर्गणनेची साधने जुन्या दाव्यांपेक्षा भरवशाची असल्याने हेच आकडे प्रमाण मानणे योग्य ठरते. अशा यादीत तो ब्रूस स्मिथ (२००) व रेगी व्हाइट (१९८) यांच्या खालोखाल येतो. या दोघांच्या काळात हंगाम सहसा १६ सामन्यांचा होता, जोन्सच्या काळात तो १४ सामन्यांचा असे.

१९७२ मध्ये झालेल्या अदलाबदलीत तो सॅन डिएगोकडे गेला. तेथील प्रशिक्षक हार्लंड स्वेअर हा पूर्वी रॅम्सचाच प्रशिक्षक होता. १९७४ मध्ये वॉशिंग्टनला गेल्यावर तर पुन्हा ॲलनचीच गाठ पडली. त्याच्या दोन्ही स्थलांतरांत या जुन्या ओळखींचा वाटा असावा. १९७२ मध्ये त्याची आठव्यांदा व अखेरची प्रो बोलसाठी (लीगमधील निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी) निवड झाली. १९७४ च्या नियमित हंगामातील शेवटच्या सामन्यात त्याला अतिरिक्त गुणासाठीची किक मारू देण्यात आली व ती यशस्वी ठरली.

निवृत्तीनंतर त्याने दूरचित्रवाणीवर किरकोळ भूमिका केल्या व १९९७ मध्ये तरुणांसाठी एक प्रतिष्ठान स्थापन केले. १९८० मध्ये तो पात्र ठरताच पहिल्याच वर्षी प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये निवडला गेला. लीगच्या ७५ व्या व १०० व्या वर्धापनदिनानिमित्त निवडलेल्या दोन्ही सर्वकालीन संघांत त्याचा समावेश आहे. रॅम्सनी २००९ मध्ये त्याचा ७५ हा क्रमांक निवृत्त केला. कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम हिल्स येथे २०१३ मध्ये त्याचे निधन झाले. त्याच वर्षापासून हंगामात सर्वाधिक सॅक करणाऱ्या खेळाडूला लीगतर्फे त्याच्या नावाचे पारितोषिक दिले जाते.