सीआरसी एरर: तबकडीवरचा कोणता आणि केबलमधला कोणता?

शेवटच्या घटका मोजणाऱ्या हार्ड डिस्कची क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, काढायला घेतली की विंडोजवर हमखास निरोप येतो: ‘डेटा एरर, सायक्लिक रिडन्डन्सी चेक’. हाच सीआरसी, म्हणजे डेटा बिघडलाय का हे ओळखायची तपासणी. मग डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं जातं, तिथे ‘अल्ट्राडीएमए सीआरसी एरर काउंट’ ही ओळ दिसते, आणि दोन्हीकडे सीआरसी आहे म्हणजे भानगड एकच, असा समज होतो. उपाय चुकतात ते इथेच. केबल बिघडलेली असताना चांगली डिस्क मोडीत निघते, नाहीतर डिस्क आतून जात असताना लोक केबली बदलत बसतात.

विंडोजचा तो निरोप, म्हणजे २३ क्रमांकाचा एरर, बहुतेक वेळा डिस्कच्या आतल्या तबकडीवरचा असतो. डिस्क प्रत्येक सेक्टरसोबत, म्हणजे डेटाच्या प्रत्येक छोट्या तुकड्यासोबत, दुरुस्तीचा कोड साठवते. पुन्हापुन्हा वाचूनही त्या कोडाने डेटा जुळवता आला नाही, की ती हात टेकते, आणि विंडोज त्याला सीआरसीचं जुनं लेबल चिकटवतं. लिनक्सच्या कर्नल लॉगमध्ये हाच प्रकार ‘यूएनसी’ आणि ‘क्रिटिकल मीडियम एरर’ या नावाने, सेक्टर क्रमांकासकट दिसतो. स्मार्ट रिपोर्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीत, १९७ क्रमांकाची ओळ, म्हणजे वाचता न आलेले पेंडिंग सेक्टर, वाढू लागते.

दुसरा आकडा, म्हणजे अल्ट्राडीएमएची ती ओळ, क्रमांक १९९ किंवा हेक्समध्ये (१६ च्या पायावरच्या मोजणीत) सी७, डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या रस्त्याचा आहे. तबकडीवरून डेटा नीट वाचला गेला, पण वाटेत बिट बदलले. पलीकडे चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, जुळला नाही म्हणून तो पुन्हा मागवला गेला. डेटा सहसा शाबूत राहतो, वेग मात्र मरतो. लॉगमध्ये ‘आयसीआरसी’ किंवा ‘बॅडसीआरसी’ दिसतं, लिंक रिसेट होत राहते आणि शेवटी ६ गिगाबिटवरून ३ किंवा १.५ वर उतरते. हा आकडा केबल बदलल्यावरही कमी होत नाही. म्हणून तो किती आहे यापेक्षा वाढतोय का, हे बघायचं. क्रिस्टलडिस्कइन्फो रॉ आकडे मुळात हेक्समध्ये दाखवतं. तिथला १० म्हणजे आपले १६.

लॉग हाताशी नसला तरी फरक कळतो. तबकडीवरचा एरर त्याच सेक्टरवर पुन्हा येतो आणि त्याआधी क्लोन काही सेकंद अडकून बसते. डिस्कचे भौतिक सेक्टर ४०९६ बाइटचे असतील, तर ५१२ बाइटच्या हिशेबाने असे सेक्टर आठ-आठच्या गटाने जातात. केबलचा एरर जागा बदलतो: आत्ता इथे, पुढच्या वेळी भलतीकडेच.

सुरुवात केबलपासून करावी, कारण ती स्वस्त आहे. मशीन बंद करून डिस्क मदरबोर्डला जोडणारी नवी साटा केबल लावा, लांबी एक मीटरच्या आत. पोर्टही बदला. १९९ चा आकडा टिपून ठेवा, थोडा भाग वाचा, पुन्हा बघा. यूएसबी डबीत मात्र हा आकडा डबीतलं सर्किट आणि डिस्क यांच्यातलेच एरर मोजतो. बाहेरची यूएसबी केबल खराब असली तरी तो ढिम्म हलत नाही. शक्य असेल तर डिस्क डबीतून काढून थेट साटावर लावलेली बरी.

केबल निर्दोष ठरली की डीडीरेस्क्यू, म्हणजे खराब डिस्कवरून डेटा उतरवून घेणारा लिनक्सवरचा प्रोग्रॅम. पहिली फेरी मॅप फाइलसह (कोणता भाग वाचला, कोणता राहिला याची नोंद) आणि ‘-एन’ पर्याय देऊन, म्हणजे सोपा भाग आधी हाती येतो आणि खराब जागा खरवडणं मागे राहतं. दुसरी फेरी त्याच मॅपवर, ‘-आर३’ देऊन. २३ क्रमांकाच्या एररवर सर्रास सुचवला जाणारा चेकडिस्क, म्हणजे विंडोजचा डिस्क दुरुस्तीचा प्रोग्रॅम, मूळ डिस्कवर चालवूच नये: तो मरू घातलेल्या डिस्कवर लिहितो. आणि सेक्टरवर नव्याने लिहिल्यावर १९७ शून्यावर आला, तरी जुना डेटा परत आलेला नसतो.

सगळ्यांत महाग पडते ती तिसरीच गोष्ट. केबल किंवा पॉवर ढिली पडून डिस्क मध्येच गायब होते, आणि त्यानंतरचं प्रत्येक वाचन क्षणात फसतं. खराब सेक्टर सेकंद खातो. इथे मात्र न वाचलेला भाग बघता बघता गिगाबाइटने फुगतो. डीडीरेस्क्यू थांबवायला लगेच कंट्रोल-सी दाबा. मॅप फाइल टाकून देऊ नका, तिची प्रत घ्या. डिस्क परत जोडल्यावर लिनक्सने दिलेलं तिचं नाव बदलून एसडीबीची एसडीसी झालेली असू शकते, तेव्हा नाव तपासा, किंवा आधीपासूनच ‘बाय-आयडी’चा, म्हणजे न बदलणाऱ्या ओळखीचा, पत्ता वापरा. मग तोच मॅप घेऊन कॅपिटल ‘-ए’ द्या, म्हणजे अर्धवट सोडलेले भाग न तपासलेले धरले जातात. खराब म्हणून शिक्का बसला असेल तर कॅपिटल ‘-एम’.

१९७ आणि १९९ दोन्ही वाढत असतील, तर केबल आधी. डिस्कमधून टकटक येत असेल, तर मात्र यातलं काहीच न करता वीज काढा आणि डिस्क डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.