रेल प्रेशर सेन्सरचा कोड आला, तर आम्ही आधी काय तपासतो
(कॉमन रेल डिझेल गाड्यांच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, पुणे)

चेक लाइट लागते, पिकअप जातो, कात्रजच्या घाटात गाडी मध्येच जोर सोडते, किंवा गरम इंजिनला सेल्फ बराच वेळ मारावा लागतो. बिघाडाचा कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर रेल प्रेशर सेन्सरचं, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला (रेलमधला) दाब मोजणाऱ्या पार्टचं नाव आलं की बरेचदा थेट नवा सेन्सर बसवला जातो, आणि चार दिवसांनी लाइट पुन्हा हजर. कोडवरून घोटाळा कुठल्या सर्किटमध्ये आहे तेवढं कळतं; कुठला पार्ट बाद झाला, ते मोजूनच ठरवावं लागतं.

सेन्सरला तीन वायरी असतात: ५ व्होल्टचा सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. प्रेशर शून्य असताना सिग्नल साधारण ०.५ व्होल्ट, पूर्ण प्रेशरला ४.५ च्या आसपास. सेन्सर १८०० बारचा (बार हे दाबाचं एकक) धरला, तर १ व्होल्ट म्हणजे ४५० बार. ०.१ व्होल्ट इकडेतिकडे झाला तरी ४५ बारची चूक! अर्थच्या पिनवर गंज चढला तरी असा फरक पडू शकतो, आणि सेन्सर मात्र ठणठणीत असतो.

म्हणून गाडी शक्यतो आदल्या संध्याकाळी आमच्याकडे सोडा. रात्रभर उभ्या गाडीच्या रेलमध्ये प्रेशर उरत नाही. सकाळी इंजिन चालू न करता फक्त चावी ऑन करून आम्ही रीडिंग घेतो. ते शून्याच्या जवळच हवं. ४०-५० बार दिसले, तर सेन्सरचा कपलर (वायरींचा जोड) जोडलेला ठेवूनच अर्थची पिन आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यामध्ये मल्टीमीटर लावतो. तिथे जवळजवळ शून्य व्होल्ट आले आणि ५ व्होल्टचा सप्लायही बरोबर असला, तरच संशय सेन्सरवर.

ही सकाळची तपासणी आम्ही कधीच टाळत नाही. सेन्सर खरं प्रेशर कमी दाखवत असेल, तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पंपाकडून जास्त प्रेशर मागतो. इंजिन टकटक करतं, धूर सोडतं, पण स्कॅनरवर मागितलेलं आणि मिळालेलं प्रेशर अगदी जुळतं, कारण दोन्ही आकडे त्याच चुकीच्या मापाचे. चालू इंजिनवर ही चूक सहजी पकडता येत नाही.

पी०१९२ हा कोड म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज फार कमी, पी०१९३ म्हणजे फार जास्त. या दोन्हींत सुरुवात कपलर आणि वायरिंगपासून. पावसाळ्यात कपलरमध्ये पाणी शिरून पिना हिरवट पडतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बरेच दिवस उभ्या गाडीची वायर उंदीर कुरतडतात. इंजिन चालू ठेवून वायरिंग हलवलं आणि आकडा उडाला, तर दोष तिथेच. कपलर काढल्यावरही स्कॅनरवरचा व्होल्टेज तसाच राहिला, तर लगेच सेन्सर बदलू नये. आधी वायर किंवा ईसीयू बघावा लागतो.

पी००८७ वेगळा. प्रेशर खरोखरच कमी पडतंय, असा त्याचा अर्थ बहुतेक वेळा निघतो. आयडलला २५०-३५० बार व्यवस्थित, पण चढावर मागणी १४०० ची आणि मिळतात ९०० असं दिसलं, तर आधी डिझेल फिल्टर, मग टाकीकडून येणारी लाइन, मग इंजेक्टरचं रिटर्न (त्यातून परत जाणारं डिझेल) आणि पंपावरचा व्हॉल्व्ह. सेन्सर शेवटी.

कोड स्वतः खोडू नका, बॅटरीचं टर्मिनलही काढू नका. कोड आला तेव्हाचा आरपीएम, तापमान आणि प्रेशर ईसीयूने नोंदवलेलं असतं. ते पुसलं गेलं तर तपास लांबतो. त्यापेक्षा लाइट कधी लागली ते लिहून आणा: थंड इंजिनला की गरम, सपाटीवर की चढावर, टाकीत डिझेल किती होतं.

आणि कृपया, चालू इंजिनवर रेलचा पाइप कुणालाही सैल करू देऊ नका. त्या दाबाची डिझेलची धार कातडी भेदून आत जाते. वर सुई टोचल्याएवढीच खूण दिसली, तरी ताबडतोब हॉस्पिटल गाठावं.

सेन्सर बदलायचाच ठरला, तर त्याच पार्ट नंबरचा लागतो, कारण दिसायला सारख्या सेन्सरचंही माप वेगळं असू शकतं. आटे स्वच्छ करून, टेप किंवा सीलंट न लावता, कंपनीने दिलेल्या टॉर्कवरच तो आवळतो. काही गाड्यांत त्यानंतर स्कॅनरने जुन्या शिकलेल्या व्हॅल्यू रिसेट कराव्या लागतात. पेट्रोलच्या साध्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाड्यांत प्रेशर ३-४ बारच असतं आणि पुष्कळ मॉडेलना हा सेन्सर नसतोच; त्यांची तपासणी वेगळी.