डावखुरे खरंच लवकर मरतात?

डावखुऱ्यांचं आयुष्य उजव्यांपेक्षा ९ वर्षांनी कमी असतं, हा दावा अधूनमधून डोकं वर काढतो. त्याचा उगम चक्क संशोधनातला आहे. १९९१ साली डायेन हाल्पर्न आणि स्टॅनली कोरेन या मानसशास्त्रज्ञांनी तो ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडला. दक्षिण कॅलिफोर्नियात वारलेल्या जवळपास १,००० जणांच्या घरच्यांकडे त्यांनी चौकशी केली, की ती व्यक्ती कोणता हात वापरायची. उजव्यांचं मृत्यूसमयीचं सरासरी वय ७५ निघालं, डावखुऱ्यांचं ६६.

घोळ झाला तो अर्थ लावताना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या डावखुऱ्या मुलांना शाळेत दटावून उजव्या हातानं लिहायला लावत. त्यामुळे ऐंशीतल्या म्हाताऱ्यांत डावखुरे म्हणून ओळखले जाणारे फारसे नव्हतेच. होते ते नंतरच्या, सैल शिस्तीत वाढलेल्या पिढ्यांतले. मग मृतांच्या यादीतले डावखुरे वयानं लहान निघणारच! आपल्याकडे गेल्या वर्षी वारलेल्यांपैकी इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांचं सरासरी वय काढलं, तर तेही कमीच भरेल. म्हणून काही इंग्रजी माध्यम जिवावर उठत नाही (तसं म्हणायला आवडेल असे लोक आहेत, ते सोडा). पुढे १९९३ मध्ये बोस्टनमधल्या वृद्धांची काही वर्षं नोंद ठेवून केलेला अभ्यास आला. त्यात दोघांच्या मृत्युदरात फरक आढळला नाही.

डावखुऱ्यांना काही आजार जास्त होतात, हे दुसरं प्रकरण इतकं सहज निकालात निघत नाही. गर्भातल्या टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे डावखुरेपणा आणि प्रतिकारशक्तीचे विकार जोडीनं येतात, असं मेंदूविकारतज्ज्ञ नॉर्मन गेश्विंड यांनी १९८० च्या दशकात सुचवलं. कल्पना देखणी होती, पण पुराव्यापुढे टिकली नाही. स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या रुग्णांत मात्र डावखुरे किंवा दोन्ही हात वापरणारे थोडे जास्त आढळतात, हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सुमारे ४ लाख ब्रिटिशांची जनुकं तपासली. डावखुरेपणाशी जोडलेल्या ४ जागा सापडल्या. त्यांपैकी काही मेंदूच्या पेशींचा सांगाडा घडवण्याशी संबंधित. स्किझोफ्रेनियाशी किंचित सरळ (धोका जास्त) आणि पार्किन्सन्स या मेंदूच्या आजाराशी किंचित उलटं (धोका कमी) नातंही दिसलं. पण हे नातं इतकं बारीक, की लाखोंच्या गर्दीतच दिसतं. एखाद्या माणसाचा हात बघून त्याच्या आजाराबद्दल काहीच सांगता येत नाही.

दवाखान्यात हाताची चौकशी होते ती वेगळ्याच कारणासाठी. बहुतेक सगळ्या उजव्यांची भाषा मेंदूच्या डाव्या भागात असते. डावखुऱ्यांत हे प्रमाण साधारण ७० टक्के. उरलेल्यांची भाषा उजवीकडे किंवा दोन्हीकडे. म्हणून मेंदूत गाठ असलेला रुग्ण डावखुरा निघाला, तर त्याची वाचा नेमकी कुठे आहे याची सर्जन सुरी उचलण्याआधी जास्तच काळजीपूर्वक खात्री करून घेतात.