स्टेकहाऊस : मांस मुरवणाऱ्या जेवणघरांची पार्श्वभूमी

नागपुरातल्या कितीतरी घरांचा एक पाय आता अमेरिकेत असतो. मुलगा न्यू जर्सीत, लेक शिकागोला, आणि इथला उन्हाळा चुकवायला आईवडील अधूनमधून तिकडे. परत आले की तिथल्या एखाद्या जुन्या, महागड्या स्टेकहाऊसची हकिकत हमखास निघते. गडद लाकडाच्या भिंती, मंद दिवे, लांब एप्रन बांधलेले वयस्कर वेटर आणि पुढ्यात मांसाचा एक जाड तुकडा. मसाला नाही, रस्सा नाही. बटाटा किंवा पालक हवा तर त्याचे पैसे वेगळे. सावजीच्या तर्रीवर वाढलेल्या माणसाला मग प्रश्न पडतो आणि तो रास्तच आहे: नुसतं मीठ लावून भाजलेल्या मांसाचं एवढं बिल कशाचं?

ते बिल चुलीपर्यंत पोहोचण्याआधी त्या मांसाचं जे झालेलं असतं, त्याचं असतं. स्टेकहाऊसचा सगळा इतिहास त्या आधीच्या भागात आहे.

सुरुवात लंडनच्या चॉपहाऊसपासून धरतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस व्यापारी पेठेतल्या पुरुषांसाठी ही खानावळ निघाली: विस्तवावर भाजलेली चाप, पाव, बिअर आणि परत कामावर. न्यूयॉर्कने ही पद्धत उचलली. तिथलं कीन्स १८८५ साली सुरू झालं ते चॉपहाऊस म्हणूनच, आणि आजही चालू आहे. त्याच्या छताला मातीच्या चिलमी टांगलेल्या आहेत, पन्नास हजारांहून जास्त. गिऱ्हाइकं आपापली नाजूक चिलीम तिथेच ठेवून जायची, त्याची ही खूण. पुरुषांशिवाय कोणाला प्रवेश नव्हता. १९०५ साली अभिनेत्री लिली लँगट्री हिने त्यावरून कोर्टात दावा लावला आणि जिंकला. आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावं असं म्हणजे, या घराची ख्याती गोमांसावर नाही, मटण चॉपवर आहे. पाऊण किलोच्या आसपासची ती एकच चाप असते. आता तिच्यासाठी कोकराचं मांस वापरतात, पण मेनूवरचं नाव मटणच राहिलं आहे. बीफ न खाणारा नागपूरकर तिथे बिनदिक्कत बसू शकतो.

न्यूयॉर्कची दुसरी परंपरा याहून रांगडी होती. एकोणिसाव्या शतकात तिथे राजकीय मंडळं आणि कामगारांचे क्लब ‘बीफस्टेक’ नावाच्या पंगती घालत. एप्रन बांधलेले पुरुष खोक्यांवर बसत आणि लोण्यात बुडवलेले मांसाचे काप पावावर ठेवून हातानेच खात. काटाचमचा नाहीच. १९२० साली अमेरिकेत बायकांना मताचा अधिकार मिळाला, त्यानंतर या पंगतींत त्यांना बोलावणं भाग झालं, आणि मग सुऱ्या-काटे आले, फळांचे पेले आले. आजच्या स्टेकहाऊसमधला पुरुषी थाट आणि अवाढव्य वाढप ही त्या पंगतींची आठवण आहे, असं मला वाटतं.

पण एवढं मांस शहरात आलं कसं, हा खरा भाग. शिकागोचा प्रचंड गुरांचा बाजार, युनियन स्टॉक यार्ड्स, १८६५च्या नाताळात उघडला. सुरुवातीला जनावरं जिवंतच रेल्वेने पूर्वेला जात. वाटेत ती रोडावत, काही मरत, आणि अर्ध्याहून अधिक वजन तर खाण्याजोगं नसायचंच. भाडं मात्र सगळ्याचं भरावं लागे. गुस्टाव्हस स्विफ्ट या मांसविक्रेत्याने १८७० च्या दशकाच्या शेवटी बर्फ भरलेले डबे वापरून कापलेलं मांसच पाठवायला सुरुवात केली. जनावरांच्या डब्यांत पैसा घातलेल्या मोठ्या रेल्वे कंपन्यांनी त्याला नकार दिला, तेव्हा त्याने कॅनडातून जाणारा मार्ग धरला. बर्फाच्या डब्याने स्टेक महानगराच्या आवाक्यात आणला. त्याच सुमारास, १८६७ साली, आपल्या नागपुरातही रेल्वे पोहोचली होती, पण ती कापसासाठी. तिच्या मागोमाग १८७७ साली एम्प्रेस मिल आली. तिकडे रूळ मांस वाहत होते, इकडे रुईच्या गाठी.

थंड ठेवलेलं मांस बिघडत नाही, एवढंच नाही, ते सुधारतं. कापल्यानंतर काही तासांत स्नायू आखडतात आणि मांस दडस होतं. पुढे स्नायूंतलीच विकरं (एन्झाइम) तंतू हळूहळू सैल करतात. जुनी स्टेकहाऊस याच कामासाठी तळघरात शीतखोली ठेवतात. हाडासकट, चरबीसकट मोठे तुकडे फळ्यांवर उघडे मांडायचे, तापमान गोठणबिंदूच्या जरा वर, हवा सतत खेळती, आणि तीन-चार आठवडे वाट पाहायची. पाणी उडतं, चव दाट होते, खारवलेल्या काजूसारखा वास धरतो. वरचा थर मात्र काळा, टणक होतो. तो तासून फेकावा लागतो. सुकण्यात आणि तासण्यात मिळून पाव ते तिसरा हिस्सा वजन जातं. म्हणजे चार किलो विकत घ्यायचं, महिनाभर सांभाळायचं आणि तीनच किलो विकायचं. बिलातला मोठा आकडा इथला आहे.

१९६० च्या दशकात मांस कारखान्यातच कापून, हवा काढलेल्या प्लास्टिकमध्ये बांधून खोक्यांतून येऊ लागलं. त्यात वजन घटत नाही, खोली लागत नाही. बहुतेकांनी उघड्यावर मुरवणं सोडून दिलं. ज्यांनी सोडलं नाही त्यांनाच आज आपण ‘जुन्या वळणाचं’ म्हणतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातलं पीटर लुगर हे त्यातलं ठळक नाव. १८८७ साली ते कॅफे, बिलियर्ड आणि बोलिंग अशा जोडधंद्यासह निघालं. १९५० साली लिलावात ते सॉल फोरमन यांनी घेतलं. त्यांच्या पत्नी मार्शा यांनी एका निवृत्त सरकारी प्रतवारी अधिकाऱ्याकडून मांस पारखायला शिकून घेतलं आणि घाऊक बाजारात स्वतः जाऊ लागल्या. पुढे लेकींनी, नातीने तेच काम चालवलं. ज्या धंद्याच्या दारात बायकांना येऊ देत नव्हते, त्याच धंद्यातल्या सर्वांत नावाजलेल्या घराची पारख पिढ्यान् पिढ्या बायकांच्या हातात राहिली. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

मेच्या महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आपल्या गावात मांस टांगून ठेवणं बर्फाशिवाय शक्यच नव्हतं. सकाळी कापलेलं दुपारी शिजलंच पाहिजे. ते दडसपण घालवायला इथल्या हलबा-कोष्टी विणकरांच्या घरांनी दुसरी वाट धरली, तीच सावजी: मंद आच, जवसाचं तेल, भाजून वाटलेलं धनं, खसखस, दगडफूल, सुंठ, मिरे. तिथे मांस मुरतं, इथे मसाला मुरतो. दोन्हीकडे पैसे मोजायचे ते वेळेचे आणि हाताचे. आपण फक्त एकाचा हिशोब लहानपणापासून ओळखतो.

कायद्याची बाजूही सांगायला हवी. महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियम १९७६चा. त्यात गोहत्याबंदी होतीच. ४ मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हशी-रेड्याचं मांस चालतं, त्यामुळे राज्यातल्या हॉटेलांत बीफ स्टेक म्हणून साधारणपणे तेच येतं. बाकी ठिकाणी चिकन, मासा, नाही तर तापलेल्या बिडाच्या ताटलीत चरचरत येणारं सिझलर. ते मुंबईत १९६० च्या दशकात रुजलं आणि आपल्याकडे स्टेकची ओळख बहुतेकांना त्याच ताटलीने करून दिली.

मांस मुरतं म्हणजे काय, ते मला कळलं माझ्याच स्वयंपाकघरात. एका रविवारी नेहमीच्या खाटकाला म्हटलं, चाप तोडू नका, दोन बोटं जाड ठेवा. त्याने सत्तूर खाली ठेवला आणि विचारलं, ‘‘भाऊ, हे शिजणार कसं?’’ निम्म्या चापा त्याच दुपारी बिडाच्या तव्यावर, फक्त मीठ लावून भाजल्या. बाहेरून सुरेख रंग आला, पण दातांना रबर लागावं तशा लागल्या. अखेर त्या रश्शात गेल्या. उरलेल्या निम्म्या जाळीवर उघड्या ठेवून फ्रिजच्या सर्वांत थंड कप्प्यात सरकवल्या. तीन दिवस, त्याहून जास्त नाही. घरच्या फ्रिजमध्ये आठवडे मुरवण्याच्या फंदात कोणी पडू नये. बुधवारी काढल्या तेव्हा पृष्ठभाग कोरडा, गडद तांबूस झाला होता. तोच तवा, तेवढंच मीठ. पाच मिनिटं तशाच झाकून ठेवल्या आणि मग कापायला घेतल्या. या वेळी सुरी न अडता हाडापर्यंत गेली.