द्राक्षाला रात्र थंड लागते

कोकणात कृषी पर्यटनाची बैठक असली की एक सूचना हमखास येते. "नाशिकला वायनरी चालतात, मग आपल्याकडे का नकोत? समुद्र आहे, लाल माती आहे, पर्यटक तर येतातच." सूचना करणाऱ्याची कळकळ खरी असते. पण जांभ्यातलं लोह वाईनला चव देत नाही, आणि समुद्र तर द्राक्षाच्या थेट आड येतो. तो कसा येतो हे समजलं, की भारतीय वाईन जगाच्या बाजारात एवढ्या मागे का, याचंही निम्मं उत्तर मिळतं.

२०२३ साली जगात सुमारे २३७० कोटी लिटर वाईन तयार झाली. त्यातली जवळपास निम्मी इटली, फ्रान्स आणि स्पेनची. भारताचा वाटा अर्धा टक्कासुद्धा नाही. द्राक्षं आपल्याकडे उदंड पिकतात, पण ती खाण्याची आणि बेदाण्याची. नाशिकच्या सुला या वायनरीची पहिली बाटली २००० साली बाहेर आली, राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१चं. परदेशी वाईनवर १५० टक्के आयात शुल्क होतं म्हणून या कोवळ्या उद्योगाला आडोसा मिळाला. डिसेंबर २०२२मध्ये ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार लागू झाला आणि तिथल्या महागड्या बाटल्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्यानं उतरू लागलं. म्हणजे यापुढे चवीवरच टिकायचं आहे.

आणि वाईनच्या चवीचा कणा म्हणजे आम्ल.

युरोपातली वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, हवा गार होत असताना, तिचं फळ पिकतं. आपल्याकडची वेल झोपतच नाही. म्हणून शेतकरी तिला दोनदा छाटतो. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी; या काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंबाच्या कळीत, उन्हाळ्याच्या भरपूर उजेडात, पुढच्या घडाचा सूक्ष्म अंकुर घडतो. पाऊस ओसरल्यावर फळछाटणी, आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड या रसायनाचा लेप. घड तयार होतो जानेवारी ते मार्चमध्ये. युरोपात फळ गारव्याकडे जाताना पिकतं, आपल्याकडे उन्हाळ्याकडे जाताना. सगळी अडचण इथून सुरू होते.

द्राक्षाच्या मण्यात मुख्यतः दोन आम्लं असतात, टार्टारिक आणि मॅलिक. मणी पिकू लागला की पानांनी केलेली साखर त्यात साठत जाते, आणि मण्याच्या पेशी श्वसनासाठी साखरेऐवजी मॅलिक आम्ल जाळू लागतात. टार्टारिक बहुतांशी तसंच राहतं. साखर तयार व्हायला ऊन लागतं, त्यामुळे ते काम दिवसाचंच. श्वसन मात्र रात्रभर चालू असतं, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून दोन ठिकाणचे दिवस सारखेच तापत असले तरी रात्री वेगळ्या असतील तर द्राक्षंही वेगळी होतात. रात्र गार असेल तर साखर चढते आणि आम्ल शिल्लक राहतं. रात्र उबदार असेल तर हाती येतो गोड पण सपक रस.

हा प्रश्न फक्त जिभेचा नाही. आम्ल कमी झालं की रसाचा पीएच चढतो. वाईन टिकावी म्हणून तिच्यात सल्फर डायऑक्साइड घालतात. त्यातला जंतूंना मारणारा भाग म्हणजे विद्युतभार नसलेला रेणू. पीएच ३.२ असेल तर इतर घटकांशी न जोडलेल्या सल्फर डायऑक्साइडपैकी सुमारे ४ टक्के या रूपात असतं, ३.८ झाला की जेमतेम १ टक्का. म्हणजे तेवढ्याच औषधाचा जोर चौथाईवर येतो. पीएच चढला की लाल वाईनचा रंगही मंदावतो. उष्ण देशांतल्या वायनरी बाहेरून टार्टारिक आम्ल घालतात, त्यात गैर काही नाही. पण मुळात आम्ल राखणारी शेनिन ब्लँकसारखी पांढऱ्या द्राक्षाची जात लावणं, किंवा फळ लवकर, आंबट असतानाच तोडून त्याची फेसाळ वाईन करणं, हे जास्त शहाणपणाचं. फ्रेंच कंपनीनं दिंडोरीत शाँडों ही फेसाळ वाईनच काढायला घेतली, त्यामागचं गणित हेच असावं. माझ्या मते जगाच्या बाजारात भारताला जागा मिळाली तर ती पांढऱ्या आणि फेसाळ वाईनमध्ये मिळेल, भारी लाल वाईनमध्ये नाही.

आता कोकण. जानेवारीत नाशिकची रात्र १० अंशांच्या आसपास उतरते. रत्नागिरीत पारा साधारण १८-१९च्या आसपासच थांबतो, कारण पाणी सावकाश तापतं तसं सावकाशच निवतं, आणि समुद्र किनाऱ्याची रात्र उबदार ठेवतो. शाळेत घोकलेल्या खाऱ्या आणि मतलई वाऱ्यांमागेही हाच गुणधर्म आहे. शिवाय ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. नाशिकचा बागायतदार ऑक्टोबरच्या एका अवकाळी सरीनं डाऊनी या बुरशीच्या धास्तीनं रात्रीच फवारणीला निघतो. कोकणात तर थंडीतही सकाळी पानं दवानं ओली असतात. आंब्याच्या मोहोरावरची भुरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना बुरशीचं वेगळं सांगायला नको.

बैठकीतला दुसरा ठरलेला मुद्दा, "वाईन हृदयाला चांगली", हा तर सोडूनच द्यावा. द्राक्षाच्या सालीतल्या ज्या रेस्व्हेराट्रॉल या द्रव्याचा गवगवा होतो ते लिटरभर लाल वाईनमध्ये काही मिलिग्रॅमच असतं. मद्याचं कोणतंही प्रमाण निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट केलं आहे. धंदा करायचा तर तो औषध म्हणून विकू नये.

कोकणाकडे स्वतःचं फळ आहे, काजूचं बोंडू. सिंधुदुर्गात बी पिरगळून काढली की ते बहुधा झाडाखालीच पडतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला माश्या लागलेल्या असतात. बांद्यापलीकडे गोव्यात त्याचीच फेणी होते, २००९पासून भौगोलिक मानांकनासह. वाईन करायची तर रस त्याच दिवशी काढावा लागेल. घसा धरणारं टॅनिन भाताच्या पेजेनं खाली बसवता येतं, ही पद्धत जुनी आणि तपासलेली आहे. साखर द्राक्षाच्या निम्मीच, ती वरून घालावी लागेल. पीएच मात्र ४च्या वर, म्हणजे इथेही अडचण आम्लाचीच. आणि बोंडूचा हंगाम संपत येतो तेव्हा एप्रिल-मेमध्ये परसात कोकम पिकतं. त्याच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल भरपूर असतं, वर लाल रंगही. बोंडूच्या रसात कोकमाचा रस किती घातला की पीएच ३.५वर येतो, आणि त्या मिश्रणात यीस्ट नीट चालतं का, हे एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही एका हंगामात पाहता येईल.