केशविश्लेषण (जड धातूंचे)

केसांतील पारा, शिसे, आर्सेनिक (सोमल) इत्यादींचे प्रमाण मोजून ते शरीरात किती व केव्हा गेले असावेत, याचा अंदाज बांधण्याची पद्धत. केराटिन या प्रथिनातील गंधकयुक्त गटांशी हे धातू घट्ट बांधले जातात. डोक्यावरचा केस महिन्याला सुमारे १ सेंमी. वाढतो, त्यामुळे टाळूलगत कापलेल्या बटेचे सेंटिमीटरभर तुकडे क्रमाने तपासल्यास मागील महिन्यांचा मागोवा घेता येतो. नमुना बहुधा डोक्याच्या मागील भागातून घेतात.

मिथिल पाऱ्याबाबत (पाऱ्याचे एक विषारी सेंद्रिय संयुग) ही पद्धत सर्वांत भरवशाची आहे. केसांतील त्याचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा साधारणपणे २५० पट मानतात. इराकमध्ये १९७१–७२ साली पारायुक्त बुरशीनाशक लावलेले बियाणे लोकांच्या खाण्यात आले. पुढे तेथील मातांच्या लांब केसांवरून गरोदरपणात गर्भापर्यंत पारा किती पोचला असावा, हे ठरवता आले.

आर्सेनिकाचे चित्र इतके स्वच्छ नाही. पाणी, धूळ, केसरंग यांतून केसाला बाहेरून चिकटलेला धातू आणि रक्तातून आत आलेला धातू यांत भेद करणे अवघड असते. नमुना धुतल्यानेही तो खात्रीने होत नाही. नेपोलियनच्या केसांवरील वाद येथूनच उद्भवतो. १९६१ साली न्यूट्रॉन सक्रियणाने (न्यूट्रॉनांचा मारा करून मूलद्रव्ये ओळखण्याच्या पद्धतीने) त्यांत जास्त आर्सेनिक आढळले आणि तो अखेरीस जेथे कैदेत होता त्या सेंट हेलेना बेटावर विषप्रयोग झाल्याचे मत पुढे आले. २००८ मध्ये इटालियन संशोधकांनी त्याच्या बालपणापासूनचे केस तपासले, तेव्हा तसेच प्रमाण त्या वयातही आणि समकालीनांच्या केसांतही दिसले. त्या काळच्या राहणीमानातूनच आर्सेनिक अंगी येत असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. जर्मन संगीतकार बेथोव्हनच्या केसांत २०२४ साली शिसे पुष्कळ आढळले. मात्र मृत्यूचे कारण ठरण्याइतके ते नसावे.

आरोग्यनिदानासाठी या चाचणीचा सरसकट वापर मात्र समर्थनीय नाही. २००१ मध्ये एकाच निरोगी व्यक्तीचे केस अमेरिकेतील ६ व्यावसायिक प्रयोगशाळांना पाठवले असता अनेक मूलद्रव्यांच्या आकड्यांत १० पटींहून अधिक तफावत आली, आणि त्यांवर आधारलेले आहारसल्लेही परस्परविरोधी निघाले. अशा अहवालावरून शरीरातील धातू ‘काढण्याचे’ उपचार सुरू करणे धोक्याचे आहे. शिशासाठी रक्ताची आणि अलीकडे शरीरात गेलेल्या आर्सेनिकासाठी लघवीची तपासणीच प्रमाण मानली जाते.