एका झाडाच्या बदल्यात किती झाडं?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सोनमोहर आहे. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या आधी त्याच्या बुंध्यावर प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद दिसला. सदर वृक्ष तोडण्यास हरकत असल्यास अमुक दिवसांत लेखी कळवावे, खाली सही आणि शिक्का. कागद चार खिळ्यांनी झाडातच ठोकला होता. गंमत अशी की ज्या कायद्याखाली ही नोटीस निघते, त्या कायद्यात 'झाड तोडणे' या शब्दांत झाड जाळणं आणि कापणं तर येतंच, शिवाय त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. म्हणजे झाड वाचवायच्या कायद्याचा पहिला भंग नोटिशीनेच केला होता.

हा कायदा म्हणजे महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975. शहरातल्या कुठल्याही सोसायटीत, शाळेच्या आवारात किंवा रस्त्याच्या कडेला झाडावर कुऱ्हाड चालवायची तर यातूनच जावं लागतं. पन्नास वर्षांत त्यात अनेक दुरुस्त्या झाल्या, आणि जवळजवळ प्रत्येक दुरुस्ती दोन प्रश्नांभोवती फिरली: परवानगी कोणी द्यायची, आणि तोडलेल्या झाडाची भरपाई कशी मोजायची.

झाड तोडायला कोणाची तरी हो लागते, ही कल्पना 1975च्या फार आधीची आहे. व्हॉट्सॲपवर दर पर्यावरण दिनाला शिवाजी महाराजांचं म्हणून जे पत्र फिरतं, तो मजकूर मुळात रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला, म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा. आरमाराला लाकूड लागतं; साग-शिसवासारखी झाडं आपल्या मुलखातल्या रानातून परवानगीने तोडावीत, पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असं त्यात सांगितलं आहे. लोक इथवर वाचून थांबतात. मला त्याच्या पुढची ओळ जास्त महत्त्वाची वाटते. एखादं झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावं. मालकाची संमती, झाडाची अवस्था आणि मोबदला: आजच्या अर्जाचे तीन रकाने तिथे आहेत. नवं झाड लावण्याची अट मात्र नाही. लावणं हे रयत आपणहून करतच होती, ते कोणी सांगायची गरज नव्हती.

देवराईचा, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानाचा, नियम याहून कडक. तिथे अर्ज करायची सोयच नाही. सह्याद्रीतल्या कित्येक राया या एका धाकावर टिकल्या की वाळलेली फांदीसुद्धा घरी न्यायची नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हा शिकल्यासवरल्या वर्गाला हे राखणं पहिल्यांदा शास्त्र म्हणून दिसलं.

इंग्रजांच्या काळात झाडाकडे मुख्यतः लाकूड म्हणून पाहिलं गेलं. 1878 आणि 1927 या दोन्ही वन कायद्यांत कुठलं जंगल राखीव, कुठलं झाड सरकारी, वाहतुकीचा पास कोणी द्यायचा याचा तपशील सापडतो. सावलीसाठी उभ्या असलेल्या झाडाला त्यात फारशी जागा नव्हती. स्वातंत्र्यानंतर 1964 साली महाराष्ट्राने झाडे तोडण्याच्या नियमनाचा वेगळा कायदा केला, तरी हा वारसा पूर्ण सुटला नाही. त्याच्या अनुसूचीत साग, खैर, चंदन, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन अशी नावं आहेत, आणि खारफुटीही आहे. विकून चार पैसे येतील किंवा फळ मिळेल अशीच बहुतेक. वड त्यात नाही. पिंपळही नाही.

याचा अर्थ काय होतो ते 2020 साली सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावात दिसलं. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड यल्लमा मंदिराजवळचा एक वड येत होता, लोक त्याचं वय चारशे वर्षं सांगतात. गावकरी आणि वृक्षप्रेमी झाडाभोवती उभे राहिले, बातमी मुंबईत पोचली, तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना लिहिलं आणि रस्त्याची आखणी बदलली. झाड त्या वेळी वाचलं याचा आनंद आहेच. पण ते वाचलं एका पत्रामुळे. ज्या वडासाठी मंत्र्याने पत्र लिहिलं नाही असे शेकडो वड राज्यातल्या रस्ता रुंदीकरणात गेले, आणि त्यांची नावंही कोणाला आठवत नाहीत.

आता शहरांकडे येऊ. सत्तरच्या दशकात मुंबई-पुण्यात बंगले पाडून इमारती उठू लागल्या होत्या, आणि आवारातली झाडं प्लॉटबरोबर साफ होत होती. 1975च्या कायद्याने दर महापालिका-नगरपालिकेत एक वृक्ष प्राधिकरण आणलं. महापालिकेत आयुक्त त्याचे अध्यक्ष, नगरसेवक सदस्य, आणि हाताखाली वृक्ष अधिकारी. लोकांच्या तोंडी हे सगळं मिळून 'गार्डन खातं'. ठरावीक मुदतीने झाडांची गणना करायची, रोपवाटिका चालवायच्या, परवानग्या द्यायच्या, ही त्यांची कामं. मुंबईच्या 2018च्या गणनेत सुमारे 29.75 लाख झाडं भरली. बुंध्यावर रंगवलेले आकडे दिसतात ते या गणनेचे.

मूळ कायद्यातला भरपाईचा हिशोब साधा होता. झाड तोडायला परवानगी दिली तर त्याच जागी, नाहीतर दुसऱ्या योग्य जागी, त्याच जातीचं किंवा दुसरं योग्य झाड तीस दिवसांत लावायचं. एकाला एक. वादळाने, विजेने किंवा आगीने झाड गेलं तरी तिथे नवं लावायला सांगायचा अधिकार प्राधिकरणाला होता. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर बहुधा बंगल्याचं आवार असावं. आंबा पडला, शेजारी दुसरा लावला, मालक तोच, विहीर तीच, पाणी घालणारा माणूसही तोच.

शहर वाढलं तसा हा हिशोब कोलमडला. सहा मजल्यांच्या इमारतीखाली तळघरात पार्किंग आलं की वर माती उरतेच कुठे? मग 'त्याच जागी' ही अट कागदावर राहिली आणि 'दुसऱ्या योग्य जागी' हे शब्द मोठे झाले. पालिका एकाला दोन, तीन, पाच अशी रोपं मागू लागल्या, वर अनामत रक्कम. लावलेलं झाड जगलं तर अनामत परत. परत घ्यायला येणारे थोडे. बिल्डरच्या खर्चात ती रक्कम इतकी किरकोळ असे की ती सोडून देणंच सोयीचं पडे.

दंडाचंही तसंच. दर झाडामागे एक हजार ते पाच हजार रुपये आणि आठवडाभर ते वर्षभर कैद. ज्या प्लॉटचा भाव चौरस फुटाला हजारोंनी मोजतात, तिथे पाच हजारांनी कोण घाबरणार? झाड मारण्याच्या तऱ्हाही मग शोधल्या गेल्या. बुंध्याची साल गोलाकार सोलायची, मुळाशी ॲसिड ओतायचं, किंवा बुंध्यापर्यंत सिमेंट ओतून पाणी बंद करायचं. दोन पावसाळ्यांत झाड वाळतं, आणि वाळलेल्या, धोकादायक झाडाला परवानगी मिळायला अडचण येत नाही. उलट बाजूही सांगितली पाहिजे. मुंबईत दर पावसाळ्यात झाड किंवा फांदी पडून माणसं दगावतात, आणि छाटणीसाठी अर्ज करून थकलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला 'झाडं वाचवा' हे ऐकवणं सोपं नसतं.

परवानगी कोणी द्यायची, हा दुसरा धागा 2016-17च्या सुमारास ताणला गेला. पंचवीसपर्यंत झाडं असतील तर प्राधिकरणाकडे न जाता आयुक्तांनीच निर्णय द्यावा, अशी दुरुस्ती झाली. कारण सांगितलं गेलं की बैठका वेळेवर होत नाहीत, कामं अडतात. त्यात तथ्य होतंच. पण मग मोठा प्रकल्प पंचवीस-पंचवीसच्या तुकड्यांत मांडला जाईल ही भीतीही लोकांनी बोलून दाखवली, आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. प्राधिकरणावर झाडांतलं कळणारे लोकच नाहीत, हा आक्षेपही त्याच काळात कोर्टात पोचला आणि मुंबईत तज्ज्ञ नेमावे लागले.

ते तज्ज्ञ बसले आणि पाठोपाठ मुंबईतल्या आरे वसाहतीच्या झाडांचं प्रकरण आलं. 29 ऑगस्ट 2019 रोजी मुंबईच्या वृक्ष प्राधिकरणाने मेट्रो-3च्या कारशेडसाठी, म्हणजे गाड्या ठेवायच्या आगारासाठी, आरेतल्या 2,646 झाडांच्या प्रस्तावाला मतदानाने मंजुरी दिली. 2,185 तोडायची, 461 दुसरीकडे हलवायची. मतदान करणाऱ्या तज्ज्ञांपैकी दोघांनी नंतर राजीनामे दिले, आपली दिशाभूल झाली असं त्यांचं म्हणणं. 4 ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर 2,141 झाडं आडवी झाली होती. त्या रात्रीचा एक वाद आता विस्मरणात गेला आहे, पण पार्श्वभूमी म्हणून तो महत्त्वाचा: परवानगीनंतर पंधरा दिवस थांबायचं, ते पंधरा दिवस नेमके कधीपासून मोजायचे? एका साध्या कलमातल्या मुदतीवर दोन हजार झाडं टांगली होती.

आरेनंतर सगळ्यांचं लक्ष भरपाईच्या हिशोबाकडे गेलं. दोन हजार झाडांबद्दल अमुक पट रोपं लावली हे ऐकून लोकांचं समाधान होत नव्हतं. पन्नास वर्षांचं झाड आणि पन्नास सेंटिमीटरचं रोप यांची बरोबरी कशी करायची? 2021च्या दुरुस्तीने याचं उत्तर वयात शोधलं. अंदाजे पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ते 'हेरिटेज ट्री'. सरकारी मराठीत त्याला प्राचीन वृक्ष म्हणतात, पन्नाशीच्या माणसाने हा शब्द मनावर घेऊ नये. तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी रोपं लावायची, ती किमान सहा फुटांची, जिओ-टॅग केलेली (म्हणजे नकाशावर नेमकी जागा नोंदवलेली), आणि सात वर्षं सांभाळायची. लावता येत नसतील तर झाडाचं मूल्य काढून पैसे भरायचे. दंडाची कमाल मर्यादा झाडामागे एक लाखावर गेली. पाच वर्षांवरची दोनशे किंवा जास्त झाडं जात असतील तर त्या दुरुस्तीने प्रश्न राज्य पातळीवरच्या प्राधिकरणाकडे नेला.

वय काढतात कसं? झाड कापून वलयं मोजायची सोय नाही, म्हणून छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून बुंध्याचा घेर घ्यायचा, उंचीचा अंदाज करायचा आणि जातीप्रमाणे वाढीचा वेग धरून भागाकार करायचा. सोनमोहर आणि रेन ट्री झपाट्याने जाड होतात, चिंच सावकाश. एकाच घेराच्या सोनमोहराचं आणि चिंचेचं वय कित्येक वर्षांनी वेगळं निघू शकतं. आता त्या वर्षांवर पैसा अवलंबून असल्याने टेप कुठे धरला यावरही वाद होतात. एकाने बुंध्याच्या गाठीखाली धरला, दुसऱ्याने वर, की हिशोब बदलला.

माझ्या मते वयाचा हिशोब एकाला एकपेक्षा पुष्कळ न्याय्य आहे. निदान जुनं झाड तोडणं महाग तरी झालं. पण जागेचा प्रश्न त्याने वाढवून ठेवला. साठ वर्षांच्या झाडाबद्दल साठ रोपं, तीन-तीन मीटरवर लावली तर 540 चौरस मीटर लागतात, म्हणजे सव्वापाच गुंठ्यांहून थोडी जास्त जमीन. दाट वस्तीत एवढी मोकळी माती शोधून दाखवावी. म्हणून रोपं शहराच्या कडेला, टेकडीवर, कचरा डेपोच्या बाजूला जातात, किंवा मियावाकी पद्धतीने हात-दीड हात अंतरावर कोंबली जातात. आकडा भरतो. गल्लीच्या तोंडाशी दुपारी रिक्षा उभी करायला सावली हवी असते, तिचा या आकड्यात हिशोब नाही.

गोव्यानेही आपला वृक्ष कायदा 1984 सालीच केला. तिथली गोष्ट मात्र वेगळ्याच वळणाने गाजली. 2016 साली दुरुस्ती करून माडाला 'झाड' या व्याख्येतून वगळलं गेलं. त्याला फांद्या नाहीत ना, मग झाड कसं, असा युक्तिवाद झाला. माडाच्या बागेत वाढलेल्या माणसांनी यावर काय ऐकवलं असेल ते सांगायला नको. पुढच्याच वर्षी, 2017 साली, नव्या सरकारने माडाला राज्यवृक्ष ठरवून परत आणलं.

महाराष्ट्रात दरम्यान एक विचित्र पोकळी तयार झाली. 2022च्या मार्चमध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली, इतर बऱ्याच शहरांचंही तसंच झालं, आणि पुढची काही वर्षं प्रशासकच सगळं होते. नगरसेवक नाहीत म्हणजे प्राधिकरणात लोकांचा माणूस नाही. प्रस्ताव मांडणारं खातं आणि तो मंजूर करणारा अधिकारी एकाच छताखाली. हरकतीची सुनावणी होई, पण ऐकणारा कान एकच.

आमच्या सोनमोहरावरही हरकती गेल्या, सोसायटीतल्या सात जणांच्या. सुनावणीला मी गेलो होतो. टेबलावर आमच्या झाडाची फाइल उघडी होती, वय बत्तीस वर्षं लिहिलेलं. त्याखाली 'पर्यायी वृक्षारोपणाची जागा' असा रकाना होता आणि त्यात सुनावणीच्या आधीच टाइप केलेलं होतं: 'खात्याने सुचविल्याप्रमाणे'. मी विचारलं, कुठे? समोरच्या गृहस्थांनी फाइल माझ्याकडे वळवली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "साहेब, तुम्हीच सुचवा ना. बत्तीस खड्डे घ्यायला जागा आहे का तुमच्या गल्लीत?"

गल्लीत मी नंतर पावलं टाकून मोजलं. गाड्या हलवल्या तर चार खड्डे बसतात.